आभा कार्ड: काढायचं का, जोडायचं किती, बंद कसं करायचं

केसपेपर काढायला तुम्ही खिडकीशी उभे आहात. मागे पंचवीस माणसं. आतली मुलगी म्हणते, "आधार नंबर सांगा, ओटीपी येईल तोही सांगा." तुम्ही सांगता. दोन मिनिटांत मोबाइलवर मेसेज येतो: तुमचं आभा खातं तयार झालं आहे. तुम्हाला हवा होता फक्त केसपेपर.

घाबरू नका, तुमचे रिपोर्ट लगेच कुठे गेलेले नाहीत. इथे तीन परवानग्या आहेत आणि त्या वेगवेगळ्या आहेत. पहिली, आभा क्रमांक काढण्याची. दुसरी, तुमचे रिपोर्ट त्या क्रमांकाला जोडण्याची. तिसरी, जोडलेले रिपोर्ट एखाद्या डॉक्टरला, रुग्णालयाला किंवा विमा कंपनीला बघू देण्याची. तिन्हींना स्वतंत्र 'हो' लागतो आणि तिन्हींना स्वतंत्र 'नको' म्हणता येतं. खिडकीवर गर्दीत हे सगळं एकाच दमात उरकलं जातं, म्हणून एकदा घरी निवांत बसून समजून घ्या.

आभा म्हणजे १४ अंकी आरोग्य खाते क्रमांक. केंद्राच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा तो भाग आहे. २७ सप्टेंबर २०२१ पासून ही योजना देशभर सुरू आहे आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण ती चालवतं. सगळ्यांचे रिपोर्ट दिल्लीत एका मोठ्या संगणकात साठवले जातात, असा समज आहे. तसं नाही. रिपोर्ट ज्या रुग्णालयात किंवा लॅबमध्ये तयार झाला, तिथल्याच संगणकात राहतो. आभामुळे तो दुसऱ्याला मागवता येतो, तोही तुम्ही मंजुरी दिल्यावर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे खातं ऐच्छिक आहे. आभा नाही म्हणून किंवा आधार दिला नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, असं योजनेच्या धोरणातच आहे. "आता सगळ्यांना कम्पल्सरी आहे" असं खिडकीवर ऐकवलं गेलं तर वाद घालू नका. एवढंच म्हणा, "मला आभा नको, साध्या पद्धतीने केसपेपर द्या." तरीही अडवलं तर वैद्यकीय अधीक्षकांचं कार्यालय विचारा आणि नकार लेखी मागा. लेखी मागितलं की बहुतेक ठिकाणी केसपेपर निघतो.

खर्च किती?

आभा काढायला शून्य रुपये. कार्ड डाउनलोड करायला शून्य. बंद करायला शून्य. रिपोर्ट जोडायला किंवा दाखवायलाही शून्य. पैसे जातात ते आजूबाजूला.

गेल्या वर्षी आमच्या भागात एका हॉलमध्ये 'मोफत आरोग्य शिबिर' होतं. दारात टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि लॅमिनेशनचं मशीन. रक्तदाब मोफत, साखर मोफत, 'आरोग्य कार्ड' ५० रुपये. माझ्यापुढच्या मावशींनी पदराच्या गाठीतून पन्नासाची नोट काढून दिली आणि विचारलं, "आता ऑपरेशन फुकट होईल ना?" टेबलावरचा मुलगा म्हणाला, "हो हो." त्या मावशींना मिळालं होतं आभा कार्ड. त्या कार्डावर कुणाचंही ऑपरेशन फुकट होत नाही. त्यांना तिथेच समजावून सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा जो उतरला तो मी विसरलेले नाही.

हा घोळ इतका सर्रास आहे की नीट लक्षात ठेवा. आभा कार्ड म्हणजे फक्त ओळख क्रमांक. उपचारांचे पैसे भरणारं ते आयुष्मान कार्ड: पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यावरच्या वयाच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना त्याच्याशी जोडलेली आहे. आयुष्मान कार्डाची चौकशी १४५५५ या क्रमांकावर करा. ते काढताना आधारची पडताळणी वेगळी होते, म्हणजे आभाला 'नको' म्हटलं म्हणून तुमचं आयुष्मान कार्ड जात नाही.

बाकी छुपा खर्च असा. सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात कुणी भरून देणार असेल तर त्याची मजुरी. आधी विचारून घ्या. प्लॅस्टिक कार्डाचे १००-२०० रुपये मागितले तर देऊ नका, कारण प्लॅस्टिकची गरजच नाही. क्रमांक मोबाइलमध्ये असला तरी पुरतो. आणि केसपेपर: राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. जिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात 'आभा नसेल तर केसपेपरचे पैसे' असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं मात्र या निर्णयात येत नाहीत.

कुठे काढायचं, काय लागतं

काढायचंच ठरवलं असेल तर स्वतःच्या फोनवरून, घरी बसून काढा. संकेतस्थळ आभा डॉट एबीडीएम डॉट गव्ह डॉट इन, किंवा सरकारी आभा ॲप. आधार क्रमांक आणि आधारला जोडलेला मोबाइल हाताशी हवा. ओटीपी वेळेवर आला तर पाच-दहा मिनिटांचं काम. आधार द्यायचा नसेल तर वाहन परवान्यावरही नोंदणी करता येते, पण त्यात पुढे प्रत्यक्ष पडताळणी लागते.

क्रमांकासोबत एक आभा पत्ता तयार होतो, ईमेलसारखा, शेवटी 'ॲट एबीडीएम' असलेला. यंत्रणा तुम्हाला नाव आणि जन्मवर्ष मिळून झालेले पत्ते सुचवते. ते घेऊ नका. हा पत्ता तुम्ही दहा ठिकाणी सांगणार आहात. त्यात जन्मवर्ष कशाला? स्वतःला आठवेल असा वेगळाच शब्द टाका.

मोबाइल क्रमांकाचं फार सांभाळा. परवानगीचे सगळे निरोप त्या क्रमांकाशी बांधलेल्या खात्यावर येतात. शिबिरात घाईघाईने कार्यकर्त्याचा, भाच्याचा, दुकानदाराचा नंबर टाकला जातो. मग तुमच्या तपासण्या कुणाला दाखवायच्या हे त्या माणसाच्या फोनवर ठरतं. आई-वडिलांचं खातं काढून देत असाल तर नंबर त्यांचाच टाका, साधा फोन असला तरी. त्यांचा फोन नसेल तर ज्याच्याकडे त्यांची औषधं असतात त्याचा टाका, आणि तसं त्यांना सांगून टाका.

तुमचं खातं आधीच निघालेलं असू शकतं. देशात सत्तर कोटींच्या वर आभा क्रमांक निघालेत आणि ज्यांचे निघालेत त्यातल्या अनेकांना ते माहीतही नाही. कोविडची लस घेताना ज्यांनी आधार दाखवला, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा आरोग्य क्रमांक तेव्हाच तयार झाला. लसीचं प्रमाणपत्र बाहेर काढा. त्यावर यूएचआयडी असं लिहून पुढे १४ आकडे असतील तर तो तुमचाच क्रमांक. प्रमाणपत्र सापडत नसेल तर संकेतस्थळावर आधारने लॉगिन करून बघा. आधीचं खातं असेल तर तेच समोर येतं, नवं निघत नाही.

काउंटरवरचा क्यूआर कोड

मोठ्या रुग्णालयांच्या ओपीडीत हल्ली भिंतीवर क्यूआर कोड लावलेला असतो. आभा ॲपमधून तो स्कॅन केला की तुमचं नाव, वय, लिंग, मोबाइल, पत्ता अशी माहिती काउंटरला जाते आणि टोकन मिळतं. टोकनची मुदत अर्ध्या तासाची, म्हणून स्कॅन करून चहाला जाऊ नका. यात तुमचे जुने रिपोर्ट जात नाहीत, फक्त ओळख जाते. रांग खरोखर वाचते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दीड तास उभं राहण्यापेक्षा हे बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. रिपोर्ट जोडायचे नसले तरी एवढ्यापुरती आभा वापरता येते.

परवानगीचा स्क्रीन: इथे थांबून वाचा

खरा निर्णय इथे होतो. डॉक्टरांना तुमचे जुने रेकॉर्ड हवे असले की त्यांच्याकडून एक विनंती तुमच्या ॲपवर येते. तिच्यात पाच गोष्टी असतात: कोण मागतंय, कशासाठी मागतंय, कुठल्या प्रकारचे कागद, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतचे, आणि ही परवानगी कधी संपणार.

माझ्या आईच्या गुडघ्यासाठी आम्ही एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांना हवा होता आधीचा एक्स-रे आणि रक्ताचा एक रिपोर्ट. फोनवर आलेली विनंती मी उघडली. कागदांच्या यादीत प्रत्येक चौकटीत टिक होती: प्रिस्क्रिप्शन, तपासण्यांचे रिपोर्ट, डिस्चार्ज समरी, ओपीडीच्या नोंदी, लसीकरण, सगळं. तारखा कित्येक वर्षांच्या. परवानगीची मुदत वर्षभराची. डॉक्टरांनी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून तसंच भरलेलं होतं आणि रिसेप्शनवरच्या मुलाने ते तसंच पाठवलं. आम्ही तिथेच बाकावर बसून बदललं. प्रकारांत फक्त तपासण्यांचे रिपोर्ट ठेवले. तारीख मागच्या सहा महिन्यांची केली. मुदत आठवड्याची. आणि मंजूर केलं. डॉक्टरांचं काही अडलं नाही. आईच्या पाच वर्षांपूर्वीच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनचे कागद गुडघ्याच्या दवाखान्यात जायची गरज नव्हती, ते गेले नाहीत. सगळ्याला चार मिनिटं लागली.

तुम्हीही हेच करा. विनंती जशी येते तशी मंजूर करायचं बंधन नाही, ती आधी कापून-छाटून घेता येते. 'कशासाठी' या ओळीत उपचार लिहिलंय की पैशांचे दावे की संशोधन, ते बघा. उपचारासाठी आलात आणि ओळीत संशोधन दिसलं तर नाकारा. उपचाराला वेगळी विनंती पाठवायला सांगा. ॲपमधली बटणं ओळखून ठेवा: 'डिनाय' म्हणजे आलेली विनंती नाकारणं, 'रिव्होक' म्हणजे आधी दिलेली परवानगी परत घेणं. दिलेल्या परवानग्यांची यादी ॲपमध्ये दिसते. महिन्यातून एकदा उघडा, काम झालेल्या काढून टाका. काढून टाकलं की पुढचे रेकॉर्ड जायचे थांबतात; डॉक्टरांनी आधीच वाचून आपल्या केसपेपरवर उतरवून घेतलेलं मात्र पुसलं जात नाही.

आणखी एक आडवाट सांभाळा. आभाशी जोडलेली खासगी ॲपही आहेत. त्यातली काही पहिल्याच लॉगिनला, 'यापुढे येणारे रेकॉर्ड आपोआप आणायची' परवानगी मागतात. सोय म्हणून चांगली वाटते, पण त्या एका टिकने दर वेळचा प्रश्नच बंद होतो. ती टिक देऊ नका. खासगी ॲपपेक्षा सरकारी ॲप वापरा, जाहिरातींचा जाच तरी नसतो.

लॅबमध्येही लक्ष द्या. रक्त द्यायला गेल्यावर फॉर्मवर आभा क्रमांकाचा रकाना असतो. तो भरला की ती तपासणी खात्याला जोडली जाऊ शकते. जोडायची नसेल तर रकाना मोकळा सोडा. तपासणीचा दर तोच राहतो. आभा दिली म्हणून सवलत, असं कुणी म्हणालं तर तो त्या लॅबचा स्वतःचा धंद्याचा भाग आहे.

काही आजारांसाठी कायदा जास्त कडक आहे. एचआयव्हीची माहिती तुमच्या संमतीशिवाय उघड करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. मानसिक आजाराच्या उपचारांची गोपनीयताही २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे. माझा सल्ला सरळ आहे: या दोन्हींचे, आणि गर्भपाताचे कागद आभाला जोडूच नका. घरात फोन एकाचा, बघणारे चार, अशी स्थिती असेल तर नक्कीच नको. कागदाची फाईल करा आणि ज्याला दाखवायची त्याच्या हातात स्वतः द्या.

मग जोडायचं कुणी? मधुमेह, हृदयरोग, किडनी, कर्करोग असं लांबणारं दुखणं असेल, दोन-तीन शहरांत डॉक्टर असतील, मुलं पुण्यात आणि आई-बाबा सांगलीत अशी परिस्थिती असेल, तर जोडा. रात्री दोन वाजता ॲडमिट करताना फाईल कपाटात राहते, फोन बरोबर असतो. वर्षातून एकदा सर्दी-खोकल्याला डॉक्टर गाठणाऱ्या तरुणाला यातून आज फारसं काही मिळत नाही. त्याने थांबलं तरी बिघडत नाही.

नकोच असेल तर

आभाच्या संकेतस्थळावर लॉगिन करा. आपल्या खात्याच्या पानावर खातं थांबवण्याचा आणि खातं पुसण्याचा, असे दोन पर्याय आहेत. इंग्रजीत डीॲक्टिव्हेट आणि डिलीट. डीॲक्टिव्हेट केलं तर खातं झोपतं, पुन्हा जागं करता येतं. डिलीट केलं तर क्रमांक कायमचा जातो, परत मिळत नाही. दोन्हींना ओटीपी लागतो, अर्ज नाही, शुल्क नाही, कार्यालयात खेप नाही. मनात शंका असेल तर आधी डीॲक्टिव्हेट करा आणि दोन-तीन महिने बघा. डिलीट करायच्या आधी ॲपमधले रिपोर्ट फोनमध्ये उतरवून घ्या आणि प्रिंट काढा.

खातं पुसलं म्हणजे रुग्णालयातली तुमची नोंद पुसली, असं नाही. त्यांचे केसपेपर त्यांच्याकडे राहतात आणि ठेवणं त्यांना बंधनकारकच आहे.

विम्याबद्दल गैरसमज नको. आभा बंद केली म्हणून जुना आजार विमा कंपनीपासून लपवता येतो, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. प्रस्तावाच्या फॉर्मवर खरं लिहिण्याची जबाबदारी आभा असो-नसो तुमचीच आहे. आधीचा आजार सांगितला तर त्याच्या दाव्यासाठी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं. लपवला आणि सापडला तर ऐन दवाखान्यात दावा फेटाळला जातो. मात्र विम्याच्या फॉर्मवर आभाचा रकाना असेल तर तो भरण्याआधी एजंटला विचारा, "हा न भरता पॉलिसी होते ना?" उत्तर ईमेलवर घ्या.

फाईलची प्रत मागण्याचा हक्क

आभा न घेणाऱ्याने कागद सांभाळायला हवेत. आंतररुग्णांचे रेकॉर्ड डॉक्टरांनी ३ वर्षं ठेवावेत आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यावेत, असं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहे. १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही रहेजा प्रकरणात सांगितलं की केसपेपर रुग्णापासून लपवता येत नाहीत. तुम्हाला लागतं एवढंच: रुग्णाचं ओळखपत्र, आयपीडी (आंतररुग्ण विभागाचा) क्रमांक, एका पानाचा अर्ज. रुग्ण स्वतः येऊ शकत नसेल तर त्याचं सहीचं पत्र.

माझ्या काकांच्या फाईलसाठी एका रुग्णालयात 'प्रोसेसिंग फी' म्हणून ८०० रुपये मागितले होते आणि पावती नव्हती. मी पानं मोजली, ९४ होती. झेरॉक्सचा दर लेखी मागितला. मग २८२ रुपयांची पावती मिळाली. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख-वेळेसह पोच घ्या, ७२ तास तिथून मोजायचे. एमआरआय किंवा सीटी असेल तर सीडी तपासणीच्या दिवशीच मागा. नंतर मागितली की वेगळे पैसे लावतात.

मुलगी-जावई इंग्लंडमध्ये असतील तर तिथली पद्धत उलटी आहे: आपल्याकडे आधी 'हो' लागतो, तिथे 'नको' कळवावं लागतं. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, रुग्णांची माहिती संशोधन आणि नियोजनासाठी वापरली जाते, नको असेल तर तुम्ही कळवायचं. राष्ट्रीय पातळीवरची नोंद ऑनलाइन होते. जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्याबाहेर माहिती जाऊ नये यासाठी त्याच दवाखान्यात वेगळा फॉर्म द्यावा लागतो. दोन्ही मोफत, पण एक केलं म्हणजे दुसरं झालं असं नाही. स्वतःच्या उपचारासाठी लागणारी माहिती यानंतरही डॉक्टरांपर्यंत जातेच.

तक्रार कुठे

आभाबद्दलच्या तक्रारीसाठी १४४७७ किंवा १८००-११-४४७७, दोन्ही मोफत. ऑनलाइन तक्रार ग्रीव्हन्स डॉट एबीडीएम डॉट गव्ह डॉट इन इथे. तक्रारीत तारीख, खिडकी किंवा विभाग, काय म्हटलं गेलं ते शब्द, आणि आलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट जोडा. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असले तरी मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत; तोवर वरचे दोन मार्गच कामाचे.

आणि फोनवर कुणी "आरोग्य प्राधिकरणातून बोलतोय, आभा बंद होणार आहे, ओटीपी सांगा" म्हणालं तर फोन ठेवा. खिडकीवर ओटीपी सांगायची वेळ आली तर आधी मेसेजची पूर्ण ओळ वाचा: तो कशासाठी आलाय ते त्यातच लिहिलेलं असतं. मागे रांग असली तरी वाचा.